हापशाचं पाणी

"बाई, नापास झाला तर परत तिसरीत बसनार का?"

फळ्यावर तारीख लिहिता लिहिता माझा खडू थांबला. विचारणारा पहिल्या बाकावरचा. घरी कुणीतरी बोललं असणार, आता मास्तरांचीबी परीक्षा हाय म्हणून. त्याच्या दृष्टीनं हिशेब साधा होता. बाई तिसरीला शिकवतात, म्हणजे नापास झाल्या तर तिसरीतच बसतील. मी म्हटलं, "बसेन की. तुझ्या शेजारी." त्यानं लगेच दप्तर सरकवून जागा केली.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. आमचे मुख्याध्यापक सर चार वर्षांनी निवृत्त होणार, ते सुटले. मी अडकले. 2003 साली महिना 3000 रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा टीईटी हे नावसुद्धा नव्हतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, पात्रतेची अधिसूचना ऑगस्ट 2010 ची आणि आपल्या राज्यातली पहिली टीईटी डिसेंबर 2013 मधली. तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या नव्या पोरापोरींना मी स्टाफरूममध्ये चहा पाजत "घाबरू नका, सोपी असते" असं सांगितलेलं मला चांगलं आठवतं. कशाच्या जोरावर सांगितलं देव जाणे.

दीडशे प्रश्न, दीडशे गुण, दीडशे मिनिटं. खुल्या गटाला नव्वद गुण हवेत. बालमानसशास्त्र, मराठी, गणित, परिसर अभ्यास यांची भीती नव्हती, निदान झोप उडेल इतकी नव्हती. भीती होती ती तीस गुणांच्या इंग्रजीची. इंग्रजीतही व्याकरणाची नाही, कारण व्याकरण पाठ करता येतं. भीती उताऱ्यांची. आपण कधी न पाहिलेला उतारा, त्याखाली चार-पाच प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. त्या चारांतले दोन तर हटकून बरोबर वाटणारे.

आमच्या पिढीची इंग्रजी पाचवीत सुरू झाली. 1990 साली मी 'ए' काढला तो मला घराच्या आढ्यासारखा दिसला आणि तसाच पाठ झाला. मग जून 2000 पासून राज्यभर इंग्रजी पहिलीत आली. मी नोकरीला लागले तेव्हा ती पहिलीत चांगली रुळली होती. म्हणजे मला अकराव्या वर्षी भेटलेली भाषा मी सहा वर्षांच्या पोरांना शिकवायची. शिकवलीसुद्धा. गाणी म्हटली, हातवारे केले, चित्रांची कार्डं केली, 'मे आय गो टू टॉयलेट' सगळ्यांकडून घटवून घेतलं. ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीनं राज्यात शिक्षकांचं इंग्रजी सुधारायला 'तेजस' चालायचं तेव्हा गटाच्या बैठकांना जाऊन एकमेकींशी इंग्रजीत बोलून हसलोही. पण हे सगळं बोलण्याचं झालं. वाचण्याचं काय? मी इंग्रजी वाचत होते ते पाठ्यपुस्तक, शिक्षकांसाठीच्या सूचना आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल. वर्गातला कुठलाही पाठ मला आधीपासून ठाऊक असायचा. त्यात उंदीर शेवटी सिंहाचं जाळं कुरतडणार हे मी बावीस वर्षं आधीच जाणून वाचत होते. त्याला वाचणं म्हणावं का, हा प्रश्न मला पंचेचाळिसाव्या वर्षी पडला.

रात्री भांडी आवरली की ओट्याजवळच्या टेबलावर सराव प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं ठरवलं. समोर मुलगी, अकरावी सायन्स. ती सेमी इंग्रजीत शिकली, तालुक्याच्या गावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची मुलगी जिल्हा परिषदेत का नाही, हे लोक विचारतात आणि माझ्याकडे बरं उत्तर नाही. तर दुसऱ्या का तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "आई, तू वाचताना ओठ हलवतेस."

"हलू देत."

"अगं, पण त्यानं वेळ जातो."

मला राग आला तो तिचा नाही, वाक्याचा आला. हेच वाक्य मी वर्गात म्हणते. ओठ मिटा, डोळ्यांनी वाचा, बोट ठेवू नका. मी माझ्या हाताकडे पाहिलं तर बोट ओळीखाली होतं.

मग तिनं मोबाइलवर वेळ लावली. निपुण भारतचे, म्हणजे मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचे, तक्ते आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहेत. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून. हे मोजायला मी दर महिन्याला पोरांसमोर घड्याळ घेऊन बसते, तशी ती माझ्यासमोर बसली. तीनशे शब्दांचा उतारा, दीपगृहाच्या राखणदाराबद्दलचा. चार मिनिटं लागली. मिनिटाला पंचाहत्तर. तिसरीची मी काठावर पास होते, आणि 'अर्थ समजून' हे शब्द बाजूला ठेवले तरच. कारण उतारा संपला तेव्हा राखणदार एकटा आहे एवढंच हाती लागलं होतं. तो दुःखी आहे की मजेत, हे पहिल्याच प्रश्नात विचारलं होतं.

आमच्याकडे शाळाशाळांतून वाचन तपासतात तेव्हा मुलांच्या पायऱ्या असतात: अक्षर वाचतो, शब्द वाचतो, परिच्छेद वाचतो, गोष्ट वाचतो. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती, गोष्टीच्या पायरीवरची. घडाघडा वाचायची, एक जोडाक्षर अडायचं नाही, साहेब आले की मी तिलाच उभी करायचे. एकदा साहेबांनी पुस्तक मिटून विचारलं, "मग कोल्हा का पळाला?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, जणू तिला कुणी वेगळ्याच गावाचा रस्ता विचारला होता. मी पटकन म्हटलं, "घाबरली सर, येतं तिला." आता दीपगृहासमोर बसून मला वाटलं, ती घाबरली नव्हती. तिचं वाचन आणि कोल्हा यांची कधी गाठच पडली नव्हती. आणि मी ती घालूनही दिली नव्हती.

मी वाचते कशी हे मग मी जरा चोरून पाहायला लागले. मी वाचत नाही, मी भाषांतर करते. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. आपल्याला सवय असते, सगळं सामान अंगणात मांडून होऊ द्यायचं आणि मग शेवटी कोण काय करतंय ते कळतं. इंग्रजी क्रियापद आधीच टाकून देते आणि मग मागून एकेक डबा जोडत जाते. मी काय करायचे, तर आधी वाक्याच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथून एकेक तुकडा उचलत मागे यायचे. लांब वाक्य असलं की चार खेपा. शाळेत आम्हाला शिकवलंच तसं. सर फळ्यावर वाक्य लिहायचे, कर्त्याखाली एक, क्रियापदाखाली शेवटचा आकडा टाकायचे आणि आकड्यांच्या क्रमानं मराठी करायची. सरांना दोष देत नाही. त्यांच्याकडे पन्नास पोरं होती आणि दहावीला आमच्यातली निम्मी इंग्रजीतच उडायची.

त्या आकड्यांनी मराठीचीही वाट लावली ती वेगळी. 'टू हॉट टू ड्रिंक' याचं मराठी आम्ही पाठ केलेलं: चहा इतका गरम आहे की तो मी पिऊ शकत नाही. आमच्या वस्तीवर असं कुणी बोललं असतं तर लोकांनी वर मान करून पाहिलं असतं. आम्ही म्हणतो, चहा पिववत नाही. एका क्रियापदात काम झालं. पण 'पिववत नाही' लिहिलं तर गुण कापत. तसंच 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचं. दोन्हीखाली मी वर्षानुवर्षं 'थोडे' लिहीत आले आणि दर वेळी चुकत आले. परवा भाजी निवडताना लक्षात आलं की आपल्याकडे हा फरक एका अक्षरात आहे. थोडी माणसं आली. थोडीच माणसं आली. पहिल्यात चहा ठेवायचा, दुसऱ्यात सतरंजी गुंडाळायची. 'च' आहे आपल्याकडे! हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर? मी पाल्याची जुडी तशीच टाकून वहीत लिहून ठेवलं.

उत्तरं शोधायची माझी रीतही शाळेतलीच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की ती अख्खी ओळ उतरवून काढायची. दहावीपर्यंत या रीतीनं मला कधी दगा दिला नाही. टीईटीच्या पर्यायांत ती उलटी अंगावर येते. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे वापरणारा पर्याय बऱ्याचदा मासे धरायचा गळ असतो. बरोबर उत्तर निराळे शब्द घालून, जरा मागे, साध्या वेशात उभं असतं. मोठ्या लिपीतला 'नॉट' तर मी पहिल्या आठवड्यात सहा वेळा न वाचता पुढे गेले. खालीलपैकी कोणतं विधान खरं नाही असं विचारलेलं असायचं आणि पहिलंच विधान खरं दिसलं की मी आनंदानं टिक करून मोकळी. मुलगी म्हणायची, "आई, तू हुशार मुलांसारखी चुकतेस." हे कौतुक की काय ते मी विचारलं नाही.

पण खरी अडले ती एका सोप्या उताऱ्यात.

कोरडवाहू मुलखातलं एक गाव. बायका रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणतात. मग घरांजवळ हापसा बसतो. साहेब येतात, फोटो निघतात. वर्षभरानं लेखक पुन्हा त्या गावात जातो तर बायका अजूनही लांबच्या विहिरीवर चाललेल्या. साहेबांना हे कोडं उलगडत नाही. शेवटी लेखक लिहितो की परतीच्या वाटेवर बायकांचं गाणं गावातलं पहिलं घर दिसलं की थांबायचं. संपला उतारा. प्रश्न: बायका जुन्या विहिरीवर का जात राहिल्या? पर्याय चार. हापशाचं पाणी खारं होतं. हापसा वारंवार बिघडायचा. घरापासून दूर एकमेकींसोबत वेळ मिळायचा. ती विहीर पवित्र मानली जायची.

एवढा ओळखीचा उतारा आयुष्यात प्रथमच भेटत होता. एरवी त्यात बर्फ, फायरप्लेस, पोटमाळ्यावरची पेटी, कुत्र्याला फिरायला नेणारे म्हातारे असतात. शब्द कोशात सापडतात, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. हे मात्र माझं गाव होतं. मी माण तालुक्यातली. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडले, हापसे बसले, आमच्या वस्तीवर मात्र तो यायला मी चौथीत जावं लागलं. आल्यावर वर्षाच्या आत त्याचा दांडा निखळला. मी डोळे झाकून दुसरा पर्याय निवडला. बिघडायचा. हापसा बिघडतोच. यात वाचायचं काय?

उत्तर तिसरं होतं.

मी मुलीशी भांडले. म्हटलं, ह्या प्रश्न काढणाऱ्यानं कधी हापसा मारलाय का? ती शांतपणे म्हणाली, "बिघडायचा असं उताऱ्यात कुठंय ते दाखव." मी तीन वेळा वाचलं. कुठंच नव्हतं. त्यात हापसा उत्तम चालत होता, लहान मुलं त्यावर हात धुवायची असं चक्क लिहिलेलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं आणि माझ्या वस्तीवरचा मोडका दांडा त्यावर ठेवून दिला होता.

"आणि गाणं का थांबायचं सांग," ती म्हणाली.

"दमत असतील. चढ असेल."

"आई."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आईला फोन लावला. ती अजून वस्तीवरच असते, धाकट्या भावाकडे. तब्येत, पाऊस, म्हशीचं दूध सगळं झाल्यावर मी विचारलं, "आई, वस्तीवर हापसा बसला होता तरी तू खालच्या आडावर का जायचीस गं?"

"पाणी मचूळ लागायचं हापशाचं."

हे मला माहीतच होतं. लहानपणी घरात शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. पर्याय क्रमांक एक. मी जवळजवळ फोन ठेवला होता. पण पंधरा दिवसांच्या सरावानं एक खोड लागली होती, पहिल्या उत्तरावर टिक करायची नाही. म्हटलं, "मी तर प्यायचे की हापशाचं. मला नाही लागलं कधी मचूळ."

पलीकडे थोडा वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज आला. मग आई हसली. "आगं, मचूळ कसलं डोंबलाचं. हापसा पडला दारात. दांडा वाजला की आत्याबाईंना कळायचं कोण आलंय, किती येळ उभी हाय, कुणासंगं बोलतीय. आडावर कोन ऐकाय हाय? तिथं आमी चौघी-पाचजनी असायचो. घरात सांगायचं काय मग? मचूळ लागतंय म्हनायचं. तुज्या बापालाबी तेच सांगितलं."

"मला पण तेच सांगितलंस."

"तू काय, तू जाऊन आज्जीला सांगितलं असतंस."

ते खरं होतं. मी सांगितलंच असतं.

डोक्यावर दोन हंडे, कडेवर कळशी, चुंबळ घसरतेय, अशी आई चढ चढून येताना मला दिसते. त्या चित्राला मी पस्तीस वर्षं कष्ट हे एकच शीर्षक देऊन ठेवलं होतं. शाळेत निबंधात ते वापरलं, डी.एड.ला वापरलं, शिक्षकदिनाच्या भाषणातही वापरलं. ते कष्ट होतेच, त्यात काही खोटं नाही. कळशीचं वजन गप्पांनी कमी होत नाही. पण त्या खेपेत तिची दिवसातली मोकळी अर्धी घटिकासुद्धा होती, हे घरात राहून मला कधी वाचता आलं नाही. ते मला कुठल्याशा अनोळखी लेखकाच्या, बहुधा कापून-छाटून प्रश्नपत्रिकेत बसवलेल्या परक्या भाषेतल्या उताऱ्यानं विचारायला लावलं. याचं कौतुक करावं की लाज वाटावी ते मी अजून ठरवलेलं नाही.

या परीक्षेवर माझा राग आहे तो आहेच. बावीस वर्षं शिकवलेल्या बाईची पात्रता एका दिवसाच्या गोल काळे करण्यावरून ठरवायची, ही गोष्ट मला पटत नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं केल्यावर उरलेल्या वेळात शिकवायचं आणि त्यातून उरलेल्या वेळात स्वतः शिकायचं. माझ्या बरोबरीच्या काही जणी रात्री अकराला उतारा उघडतात आणि त्यावरच झोपतात. तेव्हा उताऱ्यानं मला काहीतरी दिलं म्हणून परीक्षा चांगली, असा अर्थ कुणी काढू नये. तसं उताऱ्यात कुठंही म्हटलेलं नाही.

वर्गात मात्र माझा एक चाळा सुरू झाला. गोष्ट वाचून झाली की मी 'कोण म्हणाले कोणास' विचारायच्या आधी असं काही विचारते ज्याचं उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेलं नाही आणि मलाही नक्की माहीत नाही. परवा टोपीवाला आणि माकडं झाली. विचारलं, माकडांनी टोप्या फेकल्यावर टोपीवाल्याला काय वाटलं असेल? बहुतेक जण ओरडले, आनंद झाला! दप्तर सरकवणारा तो पोरगा गप्प होता. मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "लाज वाटली आसंल."

"का रे?"

"माकडं त्याच्यासारखीच निघाली नव्हं."

याचं गुणदान कसं करायचं, तक्त्यात कुठल्या पायरीवर नोंद करायची, मला कळेना. मी नुसतं "बरोबर असेल" म्हटलं. तो म्हणाला, "आसंल म्हंजे? तुमाला म्हाईत नाय?" त्याच्या चेहऱ्यावर बाईंच्या नापास होण्याची काळजी पुन्हा उमटली.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. परीक्षा केंद्रावर फाटकापाशी दोन पिढ्या उभ्या होत्या. एकीकडे अपेक्षित प्रश्नसंच चाळणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं, दुसरीकडे चष्मा पुसणारे, रक्तदाबाची गोळी घेऊन आलेले आम्ही. आत गेल्यावर मी इंग्रजीचा विभाग आधी काढला. डोकं ताजं असताना तोच उरकायचा, हा मुलीचा सल्ला. उतारा वाचला. ओठ मिटलेले होते, बोट मात्र मी ठेवलं ओळीखाली. इतक्या वर्षांची सवय आहे, एका हंगामात कुठं जाणार. एका प्रश्नावर अडले. माझं सगळं शहाणपण एका पर्यायाकडे ओढत होतं आणि उतारा दुसऱ्याकडे. मी उताऱ्याचं ऐकलं. बरोबर की चूक, माहीत नाही.

बाहेर आल्यावर आमच्या केंद्रातले एक गुरुजी भेटले, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. इंग्रजी त्यांचा हातखंडा, गॅदरिंगला सूत्रसंचालन तेच करतात. त्यांनी नेमका तोच प्रश्न काढला. "बाई, त्याचं तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं. ते हसले, खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि मला त्यांचं उत्तर समजावून सांगायला लागले. आयुष्यात कसं असतं, माणसं कशी वागतात, अनुभव काय सांगतो. सगळं पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, "पण गुरुजी, हे उताऱ्यात कुठं होतं?"

"उताऱ्यात कशाला असायला पाहिजे?" गुरुजी म्हणाले. "सगळ्या जगाला माहीत आहे!"

तेवढ्यात दहिवडीची एसटी लागली आणि ते जागा धरायला पळाले.